मिनिकॉयचे दीपगृह

नऊ अंशांच्या खाडीच्या दक्षिणेस, लक्षद्वीपांतील इतर बेटांपासून अलग पडलेले मिनिकॉय बेट इतके सखल आहे की, नारळींचे शेंडे क्षितिजावर दिसू लागेपर्यंत नाखव्यास भूमीची चाहूलही लागत नाही. आणि त्यास वेढणारी प्रवाळभिंत अगाध पाण्यातून अशी सरळ उठली आहे की, दोरीला शिसे बांधून खोली अजमावीत किनारा गाठण्याची कोकणात हुकमी ठरणारी युक्ती येथे व्यर्थ जाते, कारण शिशाला थाव लागतो न लागतो तोच तारू खडकावर चढलेले असते. रत्नागिरीहून सतरा अंशांवर दिसणारा ध्रुव येथे जेमतेम आठ अंशांवर असतो. त्याची उंची लहानशा फळीने व गाठी मारलेल्या दोरीने मोजून मार्ग काढणाऱ्या अरब नाखव्यांची विद्या खरोखर थोर होती. परंतु मेघाच्छादित रात्री तीही निरुपाय होई.

1862 च्या नोव्हेंबरात पी. अँड ओ. कंपनीची 'कोलंबो' ही आगबोट याच बेटावर फुटली. पुढे 1869 साली सुवेझचा कालवा खुला होऊन एडनहून सिंहलद्वीपाकडे जाणाऱ्या आगबोटींची रहदारी अतोनात वाढली, तेव्हा 1885 साली येथे दीडशे फुटांहून उंच दीपगृह उभे राहिले. त्या काळी अशा दिव्यांची अवजड भिंगे घड्याळाच्या धर्तीच्या यंत्राने फिरत; त्या यंत्राचे खाली उतरलेले वजन रात्रभर पुनःपुन्हा वर चढवणे आणि काचेवर काजळी धरू न देणे, ही रखवालदारांची खडतर चाकरी होती, आणि तिच्या भरवशावर कित्येक अनोळखी प्राण सुखरूप पार झाले.

बेटाचा अंमल कण्णूरच्या अली राजघराण्याकडे होता, तो थकबाकीपायी 1875 साली इंग्रजांनी जप्तीत घेतला. दिव्याचा कारभार मात्र लंडनच्या व्यापारखात्याच्या हुकमाने कोलंबोहून चाले. देश स्वतंत्र झाला, तरी हे दीपगृह परक्यांच्याच दप्तरी राहिले आणि 1956 साली भारत सरकारच्या हवाली झाले. ज्या बेटाचे पुरुष पिढ्यान्‌पिढ्या देशोदेशींच्या जहाजांवर खलाशी म्हणून राबत आले, त्या बेटाचा दिवा स्वदेशाच्या हाती येण्यास स्वातंत्र्यानंतर नऊ वर्षे लागावीत, हे उचित झाले नाही.