प्रतिकृतीने काय शिकवावे? हेब्बाळचा वीरगळ आणि म्हैसूरचा अग्निबाण

बंगळुरूच्या हेब्बाळ भागात २०१८ साली एक वीरगळ उजेडात आला. त्यावरचा कन्नड लेख इसवी सन ७५० च्या सुमाराचा, गंग राजा श्रीपुरुषाच्या काळातला आहे. लढताना पडलेल्या कित्तय्या नावाच्या वीराचे ते स्मारक. पुढे मिथिक सोसायटीच्या शिलालेख-संवर्धन प्रकल्पात या दगडाची त्रिमितीय संगणकीय प्रतिकृती तयार झाली. दगड उद्या झिजला, तरी लेख वाचता येईल.

त्याच वर्षी शिवमोग्गा जिल्ह्यातील नगर, म्हणजे जुने बिदनूर, येथील एका कोरड्या विहिरीतून एक हजाराहून अधिक लोखंडी अग्निबाण निघाले. ते टिपू सुलतानाच्या काळातले होते. त्यांचीही मोजमापे घेता येतात आणि साचे काढता येतात. मात्र वीरगळाचे सारे सांगणे त्याच्या पृष्ठभागावर असते, तर शस्त्राचे सांगणे त्याच्या क्रियेत असते. म्हणूनच जुन्या शस्त्रांच्या प्रतिकृती जमवू पाहणाऱ्या विद्यार्थ्याने आरंभीच एक प्रश्न विचारावा: ही वस्तू मुळासारखी केवळ दिसते, की मुळाचे कारणही सांगते?

बाजारात मिळणारी पितळी तोफ हे सोपे उदाहरण. तिच्यावर नक्षी असते, चाके फिरतात. पण पुष्कळदा तिला कान नसतो. ज्या छिद्रात रंजक भरून बत्ती द्यायची, तेच नसेल तर ती तोफेची मूर्ती झाली, तोफ कशी चालते ते तिच्यातून कळत नाही. खऱ्या तोफेची नळी मागच्या बाजूला जाड असते, कारण दारूचा सर्वाधिक दाब तिथे पडतो. गोळा पुढे जातो तेव्हा तेवढाच संवेग उलट दिशेने तोफेला मिळतो. तो धक्का सोसायला जड नळी आणि भक्कम गाडा लागतो, आणि गाडा ओढायला बैल. तोफखान्याची संथ चाल या एका नियमातून आली.

अग्निबाणाने हाच नियम उलटा वापरला. तोफेत जो धक्का अडचण ठरतो, तोच बाणात चालक होतो. वायू मागे सुटतो आणि नळी पुढे झेपावते. जड गाडा लागत नाही, एक माणूस अनेक बाण वाहून नेऊ शकतो.

या अस्त्राचा भूगोल हेब्बाळच्या परिसरातच पसरला आहे. येथून बेल्लारी रस्त्याने उत्तरेला गेल्यास टिपूचे जन्मस्थान देवनहळ्ळी लागते. दक्षिणेला जुन्या पेठेत तारामंडलपेट आहे. तिचे नाव म्हैसूरच्या बाणांच्या कारखान्याशी जोडले जाते. बाण मराठ्यांनाही अनोळखी नव्हते. मराठी कागदपत्रांत ‘बाण’ हा शब्द तोफा-जंबुऱ्यांच्या बरोबरीने येतो. तिसऱ्या म्हैसूर युद्धात (१७९०–९२) परशुरामभाऊ पटवर्धन आणि हरिपंत फडके यांच्या फौजा टिपूविरुद्ध इंग्रजांच्या बाजूने उतरल्या होत्या.

म्हैसूरचे वेगळेपण नळीत होते. युरोपात बाणाची नळी बहुधा कागदाची असे. म्हैसूरच्या कारागिरांनी ती ठोकलेल्या लोखंडाची केली. लोखंड अधिक दाब सोसते, त्यामुळे दारू घट्ट ठासता येते आणि वायू अधिक वेगाने बाहेर पडतो. मारा सुमारे दोन किलोमीटरपर्यंत पोहोचत असे. १० सप्टेंबर १७८० रोजी पोल्लिलूरच्या लढाईत कर्नल बेलीच्या फौजेचा दारूसाठा उडाला. हे बाणांमुळे घडले असे मानले जाते. १७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडल्यावर इंग्रजांच्या हाती ७०० तयार बाण आणि ९,००० रिकाम्या नळ्या लागल्या.

वायुगतिकीचे अभ्यासक रोद्दम नरसिंह (१९३३–२०२०) यांनी १९८५ साली या बाणांचा इतिहास मांडला. हेब्बाळला लागून असलेल्या जक्कूर येथील जवाहरलाल नेहरू प्रगत वैज्ञानिक संशोधन केंद्रात त्यांनी पुढे अनेक वर्षे काम केले. लंडनच्या वूलिच येथील संग्रहालयातल्या दोन बाणांची मापे त्यांच्या लेखनात मिळतात. पहिल्याची नळी ५८ मिलिमीटर व्यासाची आणि २५४ मिलिमीटर लांबीची असून ती चामड्याच्या पट्ट्यांनी १.०२ मीटर लांब तलवारीच्या पात्याला बांधलेली आहे. दुसऱ्याची नळी ३७ मिलिमीटर व्यासाची, १९८ मिलिमीटर लांबीची, तिला १.९० मीटर लांब बांबू आहे.

या चार-पाच आकड्यांवरून कोणालाही प्रतिकृती करता येते. लोखंडी पाइपचा तुकडा, बांबू, बांधायला दोरी आणि दारूच्या जागी वाळू एवढे पुरे. दारू मुळीच नको. स्फोटके आणि चालती शस्त्रे हा कायद्याच्या परवान्याचा विषय आहे, आणि येथे शिकण्यासाठी त्यांची गरजही नाही. वाळू भरलेली प्रतिकृती दोऱ्याने टांगावी आणि ती आडवी तोलली जाईल तो बिंदू खुणेने दाखवावा. मग वाळू काढून पुन्हा तोलावी. तोलबिंदू मागे सरकलेला दिसेल. उड्डाणात दारू जळते तेव्हा नेमके हेच घडते. बाण सरळ जायचा तर हवेच्या दाबाचे केंद्र तोलबिंदूच्या मागे राहिले पाहिजे. हलका, लांब बांबू ते केंद्र पुष्कळ मागे नेतो. त्याची लांबी नळीच्या साडेनऊ पट आहे. पाते चौपटच, शिवाय जड. म्हणजे पात्याच्या बाणाने स्थैर्य थोडे गमावून धार कमावली. हा सौदा नुसत्या चित्रात दिसत नाही. हातात तोलताना तो कळतो.

इंग्रजांनीही असेच शिकून घेतले. म्हैसूरचे बाण वूलिचला पोहोचले. विल्यम काँग्रीव्हने १८०४ पासून प्रयोग सुरू केले आणि १८०७ मध्ये त्याचे बाण कोपनहेगनवर पडले. काठी मात्र त्यालाही सोडता आली नाही. बाणाला स्वतःभोवती फिरवून स्थिर ठेवण्याची युक्ती विल्यम हेलने १८४४ मध्ये साधली, तेव्हा काठी गेली.

काँग्रीव्हचे नाव बाणाला चिकटले. नगरच्या विहिरीत सापडलेल्या नळ्या ज्यांनी ठोकल्या, त्या लोहारांची नावे इतिहासात आली नाहीत. हेब्बाळच्या दगडाने कित्तय्याचे नाव साडेबाराशे वर्षांहून अधिक काळ राखले. या लोहारांसाठी असा दगड कोणी कोरला नाही. नळी किती जाड ठेवायची, बांबू किती लांब घ्यायचा, हे त्यांचे निर्णय तेवढे मागे उरले आहेत. मापाबरहुकूम केलेली प्रतिकृती दोऱ्याला टांगली, की ते निर्णय पुन्हा वाचता येतात.