गृहसुरक्षा कॅमेऱ्यातील मेमरी कार्ड

गृहसुरक्षा कॅमेऱ्यातील मेमरी कार्ड हे कॅमेऱ्याने टिपलेले दृश्य व ध्वनी कॅमेऱ्यातच साठवून ठेवणारे साधन होय. डीव्हीआर किंवा एनव्हीआर यांसारखे स्वतंत्र मुद्रण यंत्र नसलेल्या घरगुती वाय-फाय कॅमेऱ्यांत मुख्यतः मायक्रोएसडी प्रकारचे कार्ड वापरले जाते. कार्ड निकामी झाले तरी मोबाइलवर थेट दृश्य दिसतच राहते. त्यामुळे चित्रण साठत नसल्याचे बहुधा चोरी किंवा अपघात घडल्यानंतरच लक्षात येते.

स्वरूप

एसडी कार्ड हे सॅनडिस्क, मात्सुशिता (आताची पॅनासॉनिक) व तोशिबा या कंपन्यांनी १९९९ मध्ये जाहीर केले. त्याची मानके ठरवणारी एसडी असोसिएशन ही संस्था २००० मध्ये स्थापन झाली. मायक्रोएसडी हा त्याचा १५ × ११ × १ मिलिमीटर आकाराचा लहान प्रकार आहे. त्याचे मूळ नाव ट्रान्सफ्लॅश असल्याने काही कॅमेऱ्यांच्या स्लॉटजवळ ‘टीएफ’ ही अक्षरे आढळतात.

२ जीबीपेक्षा अधिक व ३२ जीबीपर्यंतच्या कार्डांना एसडीएचसी, तर त्यापुढे २ टीबीपर्यंतच्या कार्डांना एसडीएक्ससी म्हणतात. पहिल्या प्रकारात फॅट३२ आणि दुसऱ्यात एक्सफॅट ही फाइल रचना मानक आहे. केवळ एसडीएचसी स्वीकारणाऱ्या कॅमेऱ्यात ६४ जीबीचे कार्ड घातल्यास ते ओळखले जात नाही. हा कार्डाचा दोष नव्हे.

चक्रीय मुद्रण व झीज

कार्ड भरल्यावर सर्वांत जुने चित्रण पुसून त्या जागी नवे लिहिले जाते. यास चक्रीय मुद्रण म्हणतात. सेकंदाला २ मेगाबिट या दराने अखंड मुद्रण केल्यास दिवसाला सुमारे २१.६ जीबी चित्रण साठते. या हिशेबाने ३२ जीबीचे कार्ड सुमारे ३६ तासांत, तर १२८ जीबीचे कार्ड सुमारे सहा दिवसांत भरते. म्हणजेच वर्षभरात पहिले सुमारे २४५ वेळा आणि दुसरे सुमारे ६० वेळा पूर्णपणे नव्याने लिहिले जाते.

फ्लॅश स्मृतीचा प्रत्येक भाग मर्यादित वेळाच पुसता येतो. त्यामुळे इतर गुण समान असता मोठ्या क्षमतेचे कार्ड अधिक काळ टिकते. वरील दराला सेकंदाला केवळ पाव मेगाबाइट वेग लागतो आणि ‘क्लास १०’ कार्डाचा किमान लेखनवेग १० मेगाबाइट असतो. यावरून वेगापेक्षा टिकाऊपणा महत्त्वाचा ठरतो. अखंड मुद्रणासाठी ‘हाय एन्ड्युरन्स’ या नावाने विकली जाणारी कार्डे अधिक योग्य असतात.

बिघाडाची कारणे

* मुद्रण ‘केवळ हालचाल दिसल्यास’ या पर्यायावर असणे किंवा त्याचे वेळापत्रक बंद असणे.
* लेखन चालू असताना वीज गेल्याने फाइल रचना बिघडणे.
* अपुऱ्या क्षमतेचा अडॅप्टर किंवा फार लांब तार. रात्री इन्फ्रारेड दिवे लागले की विजेची गरज वाढते व कॅमेरा वारंवार पुन्हा सुरू होतो.
* बनावट कार्ड. त्यावर छापलेली क्षमता प्रत्यक्षात नसते. खरी क्षमता संपल्यावरचे चित्रण वाया जाते.
* उष्णता. विदर्भात उन्हाळ्यात तापमान ४५ अंश सेल्सिअसपुढे जाते आणि उन्हातील कॅमेऱ्याच्या आत ते त्याहूनही अधिक असते.
* घड्याळ चुकल्याने चित्रण भलत्याच तारखेखाली साठणे.

निवारणाचा क्रम

महत्त्वाचे चित्रण कार्डावर असण्याची शक्यता असल्यास प्रथम मुद्रण थांबवावे, अन्यथा चक्रीय मुद्रणात ते पुसले जाते. त्यानंतर कॅमेऱ्याच्या ॲपमधून हवा तो भाग उतरवून घ्यावा. काही कॅमेरे स्वतःची वेगळी फाइल रचना वापरतात. अशा वेळी कार्ड संगणकाला लावल्यास ते फॉरमॅट करण्याविषयी विचारणा होते, ती नाकारावी.

चित्रण सुरक्षित झाल्यावर मुद्रणाचा पर्याय, वेळापत्रक व घड्याळ तपासावे. मग कॅमेऱ्याचा वीजपुरवठा बंद करून कार्ड काढावे, कोरड्या मऊ कापडाने पुसावे व नीट बसवावे. दोष कायम राहिल्यास कार्ड कॅमेऱ्याच्याच ॲपमधून फॉरमॅट करावे, कारण त्याने कॅमेऱ्याला हवी ती रचना तयार होते. फॉरमॅट केल्यावरही जुन्या फाइली पुन्हा दिसू लागल्या, तर कार्डाची लेखनक्षमता संपली असे समजून ते बदलावे. बनावट कार्डाचा संशय असल्यास ‘एच२टेस्टडब्ल्यू’ किंवा ‘एफ३’ या संगणक प्रणालींनी रिकाम्या कार्डाची पूर्ण क्षमता तपासता येते. नवे कार्डही चालत नसल्यास वीजपुरवठा, कॅमेऱ्याचे फर्मवेअर व स्लॉट यांकडे वळावे.

पुरावा म्हणून महत्त्व

जालना विधानसभा मतदारसंघाच्या निवडणुकीतून उद्भवलेल्या अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास कुशनराव गोरंट्याल या खटल्यात चित्रमुद्रणाच्या पुराव्याचा प्रश्न आला होता. मूळ साधनाऐवजी इलेक्ट्रॉनिक अभिलेखाची प्रत सादर केल्यास तत्कालीन पुरावा कायद्याच्या कलम ६५-ब(४) अन्वये प्रमाणपत्र आवश्यक आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये दिला. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ मध्येही प्रमाणपत्राची तरतूद आहे. म्हणून गुन्ह्याचे चित्रण असलेले कार्ड फॉरमॅट न करता, प्रत काढल्यानंतरही, तसेच जपून ठेवणे इष्ट ठरते.

नियमित तपासणी

केवळ थेट दृश्य पाहणे ही मुद्रणाची तपासणी नव्हे. आठवड्यातून एकदा आदल्या दिवसाचे व रात्रीचे चित्रण उघडून पाहावे आणि सर्वांत जुने चित्रण किती दिवसांपूर्वीचे आहे तेही नोंदवावे. हा कालावधी अपेक्षेपेक्षा एकाएकी कमी झाला अथवा चित्रणात खंड दिसू लागला, तर कार्ड पूर्ण बंद पडण्याआधीच बदलणे हितावह असते. कॅमेराच चोरीस गेल्यास कार्डही त्यासोबत जाते. त्यामुळे महत्त्वाच्या ठिकाणी एनव्हीआर किंवा क्लाउडवर दुसरी प्रत ठेवली जाते.