कल्याण ते कॅन्सस

२२ फेब्रुवारी २०१७. "माझ्या देशातून चालते व्हा" म्हणत कॅन्ससमध्ये एका गोऱ्याने हैदराबादच्या इंजिनिअरला गोळ्या घालून मारलं. ऑफिसात आम्ही सगळे सुन्न. ऑनसाइट गेलेला आपलाच कुणी असता तर?

पण मंडळी, १९ ऑक्टोबर २००८ आठवतोय? रेल्वे भरतीच्या परीक्षेला आलेल्या उत्तर भारतीय पोरांना मनसे कार्यकर्त्यांनी कल्याणमध्ये मारलं. तेव्हा लोकलमध्ये "बरं झालं" म्हणणारे कमी नव्हते. मीही मान डोलावली होती.

दुखणं खोटं नव्हतं. १९८२च्या संपानंतर गिरण्या बसल्या, नंतर ठाण्यातले कारखानेही गेले, तिथे टॉवर उभे राहिले. ते काही त्या परीक्षार्थींनी केलं नव्हतं. ते फक्त हाताशी होते.

दुखण्याला चेहरा देतात ती भाषणं. 'मार्मिक'ने साठच्या दशकात दाक्षिणात्य अधिकाऱ्यांच्या नावांच्या याद्या छापल्या. सेना पहिल्यांदा सत्तेत आली तीही ठाण्यातच, १९६७ला. शार्लट्सव्हिलमध्ये २०१७ला मशाली घेतलेले गोरेही हेच ओरडत होते, की 'ते' आपली जागा घेताहेत.

तिथे वंश, इथे भाषा, एवढा फरक आहेच. पण कॅन्ससमधले 'ते' आपण असतो. असो, पुढच्या वेळी मान डोलावण्याआधी एवढं आठवलं तरी पुरे.