मुलाण्याची सुरी आणि कुतचा वेढा

पोरगं परदेशी निघालं की घरातली अम्मी पगार नंतर विचारते, आधी विचारते, "तिथे खाणार काय?" दुबई, कतार म्हटलं की ती निश्चिंत होते. जर्मनी किंवा जपान म्हटलं की डब्यात लोणचं, चटणी, मसाला जास्त भरला जातो. हलाल कुठे मिळेल हे आता मोबाईल सांगतो. पण हा प्रश्न आपल्या भागाला मोबाईलच्या फार आधी, शंभर वर्षांपूर्वी पडला होता, आणि तो सोडवायला वेळ होता तो फक्त पाच महिन्यांचा.

आधी गावाचं सांगतो. कुंडल, पलूस, तासगाव, कराड या पट्ट्यातल्या माणसाला गावात असेपर्यंत हलाल शोधावं लागलंच नाही. गावगाड्यात मुलाणी होता. त्र्यंबक नारायण आत्रे यांचं 'गाव-गाडा' १९१५ साली छापलं गेलं. त्यात सुतार, लोहार, न्हावी, परीट यांच्या रांगेत मुलाणाही आहे. मशिदीची दिवाबत्ती आणि गावचं बकरं कापणं ही त्याची कामं, आणि त्याबद्दल खळ्यावर त्याचा बलुत्याचा वाटा. जत्रेचं असो की पाहुण्यांसाठी असो, पाटलाच्या वाड्यातलं बकरंही बिस्मिल्ला म्हणूनच कापलं जायचं. मुलाण्याने सुरी फिरवल्याशिवाय मटण शिजवायचं नाही अशी कित्येक मराठा-कुणबी घरांची रीत होती. म्हणजे मुसलमानाचं हलाल आणि शेजाऱ्याचं मटण एकाच सुरीखालचं. आज हलाल या शब्दावरून जी भांडणं पेटवली जातात, ती ऐकताना मला या खळ्यावरच्या वाट्याची आठवण होते. असो.

पहिलं महायुद्ध सुरू झालं आणि हा गावगाडा जहाजात बसला. कुंडल तेव्हा औंध संस्थानात, शेजारची बरीच गावं सातारा जिल्ह्यात. सांगली जिल्हा अजून जन्मायचा होता. साताऱ्यातून मराठा पलटणींत भरती जोरात होती. या पलटणी नावाने मराठा असल्या तरी त्यांत दख्खनी मुसलमानांच्याही कंपन्या असत. साधारण सहा कंपन्या मराठ्यांच्या तर दोन दख्खनी मुसलमानांच्या. शाळेत हे सांगितलं की मुलं चकित होतात. १०३वी, ११०वी आणि ११७वी, या तिन्ही मराठा पलटणी सहाव्या पुणे डिव्हिजनबरोबर मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये गेल्या.

सरकारला शिपायाच्या ताटाची काळजी नव्हती असं नाही. १८५७च्या काडतुसांचा धडा ते विसरले नव्हते. इंग्लंडमध्ये ब्रायटनच्या राजवाड्यात जखमी हिंदी सैनिकांसाठी इस्पितळ उघडलं, तेव्हा तिथे वेगवेगळ्या धर्म-जातींसाठी नऊ स्वयंपाकघरं मांडली. हिंदू-मुसलमानांचे पाण्याचे नळ वेगळे होते, मांस कापायची जागाही वेगळी होती. गावात एकाच विहिरीवर भांडणारी माणसं तिथे इतक्या टापटिपीने वेगळी केली गेली, हेही खरं. पण ही सोय शांत ठिकाणची. कुतला ती नव्हती.

बगदादकडे निघालेलं सैन्य टेसिफोनच्या लढाईनंतर मागे हटलं आणि तैग्रिस नदीच्या वळणातल्या कुत-अल-अमारा या गावात अडकलं. डिसेंबर १९१५च्या पहिल्या आठवड्यात तुर्कांनी वेढा घातला. जनरल टाउनशेंड यांच्या हाताखाली हजारो हिंदी शिपाई होते. बाहेरून मदत पोचेना. धान्य संपत आलं, तशी जानेवारीत तोफा ओढणारी घोडी आणि खेचरं कापायला सुरुवात झाली. गोऱ्या शिपायांनी ते मांस खाल्लं. हिंदी शिपायांनी, हिंदूंनी आणि मुसलमानांनीही, नकार दिला. भाजी नव्हती, मांस नको म्हटलेलं, त्यामुळे त्यांच्यात स्कर्व्ही पसरली. हिरड्या सुजायच्या, जखमा भरायच्या नाहीत.

शरियत इथे काय म्हणते? घोडा डुकरासारखा हराम नाही. खैबरच्या वेळी हुजूर (सल्ल.) यांनी पाळीव गाढवाचं मांस मना केलं आणि घोड्याच्या मांसाला परवानगी दिली, अशी हदीस बुखारी-मुस्लिममध्ये आहे. इमाम शाफई त्यावरून ते जायज मानतात. इमाम अबू हनिफा मात्र मकरूह म्हणतात. सूरह नहलमध्ये घोडा, खेचर, गाढव सवारीसाठी आणि शोभेसाठी दिल्याचं आहे, हा त्यांचा आधार. त्यांचेच शागीर्द अबू युसुफ आणि मुहम्मद यांनी उस्तादांपेक्षा वेगळं मत दिलं. कोकणातले मुसलमान बहुतेक शाफई, घाटावरचे आपण हनफी. खेचराचं बहुतेक फुकहा मना करतात. पण जीव जायची वेळ आली तर सूरह बकराची १७३वी आयत आहेच: हौस म्हणून नाही, हद्द ओलांडून नाही, मजबुरीने खाल्लं तर गुनाह नाही.

ही मजबुरी म्हणजे काय, याचा विचार आज परदेशी जाणाऱ्यानेही करावा. ज्या शहरात मासे, अंडी, डाळ मिळते आणि दोन स्टेशनं पुढे तुर्काचं दुकान आहे, तिथे मजबुरीची आयत काढणं मला पटत नाही. मजबुरी कुतला होती.

तरीही शिपाई खाईनात. मला वाटतं, त्यांना किताब अडवत नव्हती, गाव अडवत होतं. परत गेल्यावर लोक काय म्हणतील, पंगतीला घेतील का, मुलगी देतील का, ही भीती हिंदू शिपायाला जास्त होती. मुसलमानही त्याच गावचा. ज्याने आयुष्यभर फक्त मुलाण्याच्या हातचं बकरं खाल्लं, त्याला घोडा हे खाण्याचं जनावर आहे हेच ठाऊक नव्हतं. मकरूह आणि जायज यांतला फरक त्याला कोण समजावणार? टाउनशेंड यांनी बिनतारी संदेशाने हिंदुस्थानातल्या हिंदू आणि मुस्लिम धर्मपुढाऱ्यांची परवानगी मागवली. ती आली, सैन्याला वाचून दाखवली, पण फार थोडे वळले. उलेमांचा फतवा इंग्रज अफसराच्या तोंडून ऐकून शिपायाचा विश्वास कसा बसावा? त्यात बाहेर वेढा घालून बसलेली फौज खलिफाची. हिंदी शिपायांनी फुटून यावं म्हणून तुर्क पत्रकंही टाकत होते. एकाच वेळी ताट आणि ईमान, दोन्हींची परीक्षा.

एप्रिलमध्ये टाउनशेंड कडक झाले. जे हवालदार-जमादार खाणार नाहीत त्यांच्या जागी खाणारे नेमू, असा हुकूम निघाला. तेव्हा कुठे बहुतेकांनी खायला सुरुवात केली. उशीर झाला होता. विमानातून पिठाची पोती टाकली जात होती, त्यातली काही नदीत पडली. शेवटी रोजचं पीठ चार औंस, म्हणजे सव्वाशे ग्रॅमपेक्षाही कमी उरलं. २९ एप्रिल १९१६ रोजी सुमारे १३ हजार माणसं शरण गेली.

शरण आल्यावर तुर्कांनी त्यांना कडक, काळी बिस्किटं दिली. पीठ आणि पाणी, म्हणजे हिंदू-मुसलमान कुणालाच शंका घ्यायचं कारण नाही. उपाशी पोटांना ती सोसली नाहीत. पोटं बिघडून पहिल्या काही दिवसांतच पुष्कळ जण गेले. जे उरले त्यांना वाळवंटातून चालवत उत्तरेकडे नेलं. आपल्या भागातल्या काही गावांत चावडीपाशी किंवा देवळापाशी एक संगमरवरी पाटी असते: या गावातून इतके जण महायुद्धात गेले, त्यांपैकी इतके परत आले नाहीत. पाटीवर आकडे असतात, नावं नसतात. त्यात मराठे किती आणि मुलाणी किती, ते पाटीवरून कळत नाही.