तुत्तीनाग : जस्ताचं हरवलेलं इंग्रजी नाव

बिदरी भांड्यावर डोळा ठरतो तो चांदीच्या नक्षीवर. भांड्याचं अंग मात्र जस्ताचं असतं : साधारण सोळा भाग जस्त आणि एक भाग तांबं. सतराव्या-अठराव्या शतकातले इंग्रज व्यापारी या जस्ताला 'ट्यूटनॅग' म्हणत. आज हा शब्द इंग्रजीत जाडजूड कोशांत आणि ईस्ट इंडिया कंपनीच्या जुन्या माल-याद्यांत तेवढा उरला आहे. मराठी वाचकाला तो माहीत असायला हवा, कारण त्याचा माग आपल्या दारापर्यंत येतो.

इंग्रजी कोश त्याचं मूळ पोर्तुगीज 'तुतेनागा'त देतात आणि त्याच्याही मागे मराठी 'तुत्तीनाग' ठेवतात. 'तुत्थ' म्हणजे मोरचूद आणि 'नाग' म्हणजे शिसं, अशी त्याची फोड सांगितली जाते. रसशास्त्रात शिशाला नागच म्हणतात. वैद्यांचं नागभस्म ते हेच. आता जस्त ना मोरचूद, ना शिसं. पण परक्या धातूला ओळखीच्या दोन पदार्थांची नावं जोडून द्यावीत, यात नवल नाही.

जस्त होतंच तसं अवघड. खनिजातून ते सुटतं तेव्हा भट्टी इतकी तापलेली असते की धातूची वाफच होते, कारण ते ९०७ अंश सेल्सियसलाच उकळतं. वाफेला हवा लागली की हाती पांढरी भुकटी येते. ती वाफ बंद मुशीतून खाली उतरवून थंड करण्याची युक्ती राजस्थानात जावरच्या कारागिरांनी फार आधी साधली होती. पुढे चीनमध्येही जस्त मोठ्या प्रमाणावर निघू लागलं. इंग्लंडमध्ये ब्रिस्टलच्या विल्यम चॅम्पियननं पेटंट घेतलं ते १७३८ साली. तोवर युरोपला हा धातू मुख्यतः आशियातून येणाऱ्या जहाजांवर भेटत होता, आणि मालाबरोबर मालाचं नावही जात होतं.

कॅंटनहून परतणारं 'गोथेबोर्ग' हे स्वीडिश जहाज १७४५ साली घराच्या बंदराजवळ येऊन बुडालं. त्याच्या पोटात चहा होता, चिनी मातीची भांडी होती आणि तुत्तीनागच्या लाद्या होत्या. पुढे पाण्यातून काढलेल्या लाद्या जवळजवळ शुद्ध जस्ताच्या निघाल्या.

मग नावाचा घोळ झाला. चीनमधून 'पाकटोंग' नावाची तांबं, निकेल आणि जस्त यांची पांढरी मिश्रधातूही येई. इंग्लंडमधल्या धनिकांच्या घरी तिचे शमादान आणि शेगडीचे कठडे असत, आणि लोक तिलाही ट्यूटनॅगच म्हणत. एका नावाचे दोन धातू झाल्यावर रसायनवाल्यांना ते चालणार नव्हतं. त्यांनी 'झिंक' धरलं, व्यापाऱ्यांनी 'स्पेल्टर'.

बिदरीच्या कामात मात्र तुत्तीनाग या नावातला मोरचूद आणि त्या नावाचा धातू अजून एकत्र सापडतात. ओतलेलं भांडं कानशीनं घासून गुळगुळीत केलं की कारागीर त्यावर मोरचुदाचं पाणी चोळतो. जस्ताचं अंग तात्पुरतं काळवंडतं आणि कोरणीची पांढरी रेघ त्यावर स्पष्ट उठते. या रेघांत चांदीची तार किंवा पत्रा ठोकून बसवतात. अखेरीस बिदरच्या किल्ल्यातली माती नवसागराच्या पाण्यात कालवून गरम भांड्यावर लावली की जस्त कायमचं काळं होतं. चांदी तशीच पांढरी राहते. म्हणजे मोरचूदही इथे आहे आणि जस्तही, फक्त तुत्तीनाग हा शब्द कुणाच्या तोंडी नाही.

हेन्री यूल आणि ए. सी. बर्नेल यांचा 'हॉब्सन-जॉब्सन' हा अँग्लो-इंडियन शब्दांचा कोश १८८६ साली निघाला. त्यात या धातूच्या नावालाही जागा मिळाली आणि बिदरीलाही. पुढे धातूचं नाव मावळलं. बिदरीला मात्र २००६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, आणि २०२३ साली बिदरचे शाह रशीद अहमद कादरी या कलेसाठी पद्मश्रीचे मानकरी झाले.