भिंतीआधीची खुंटी

२०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी ४५ फुटांची. गावभागातल्या आमच्या घरात माझ्या खांद्याला लागेल एवढे पाणी होते. २००५ चा पूर आम्ही पाहिला होता, त्यामुळे माडीवर आधी काय न्यायचे, मग काय न्यायचे, हे सगळ्यांना पाठ होते. पुस्तके गेली, गाद्या गेल्या, देव गेले. जाऊ शकले नाही ते स्वयंपाकघर. दोनच वर्षांपूर्वी हौसेने करून घेतलेले, भिंतीला ठोकलेले, प्लायवुडचे. पाणी उतरल्यावर त्याची दारे तळलेल्या पापडासारखी फुगली होती. शेजारीच सासूबाईंची सागवानी मांडणी चिखलात आडवी पडलेली. ती वाईकडच्या जुन्या घरातून आलेली. तिला पाण्याने धुतले, चार दिवस सावलीत वाळवले आणि पुन्हा भांडी लावली.

एवढ्यावरून जुने ते सोने असा निष्कर्ष मी काढणार नाही. का ते पुढे येईलच.

यंदा आम्ही विश्रामबागेत चौथ्या मजल्यावर घर घेतले. विटांच्या भिंती उभ्या होत्या, गिलावा व्हायचा होता. तेव्हाच घरात वाद सुरू झाला. सूनबाईंचे म्हणणे, इंटिरिअर डिझायनर आत्ताच नेमू. मुलाचे म्हणणे, आधी ताबा मिळू दे, मग बघू. यजमानांचे म्हणणे, ओळखीचा सुतार असताना डिझायनर हवाच कशाला? सत्त्याऐंशी वर्षांच्या सासूबाईंना कोणी विचारले नाही. मी तीस-पस्तीस वर्षे कॉलेजात इतिहास शिकवला. वाद घालण्यापेक्षा हे काम पूर्वी कोण करत होते, केव्हा करत होते, हे पाहावे असे वाटले. माझे सासर सातारा जिल्ह्यातले, संसार सांगलीत. तसे हे दोन्ही एकच. १९४९ साली दक्षिण सातारा वेगळा निघाला आणि १९६० मध्ये त्याचे नाव सांगली जिल्हा झाले. घरे बांधायची रीत जिल्ह्याची हद्द पाहून बदलत नाही.

आपल्याकडच्या जुन्या घरांचे माप चौरस फुटांत नसे, खणांत असे. दोन खांबांमधली जागा म्हणजे खण. पाच खणांचा सोपा, तीन खणांचे माजघर, असे बोलत. या एका शब्दात घर बांधायचा क्रम सापडतो. खांब आधी, भिंत नंतर. जोते झाले, तळखडे बसले की सुतार खांब उभे करी, त्यांवर तुळया, तुळयांवर कड्या. छपराचे ओझे या सांगाड्यावर. भिंत मागाहून, पोकळी भरायला. म्हणजे सुतार घरात शेवटी नव्हे, पहिल्या दिवशी येत असे. आणि भिंत चढत असतानाच तिच्यात घराचे सामान बसत असे: दिव्याची देवळी, कोनाडे, दाराचे फडताळ, खुंट्या. दोन-अडीच हात जाडीच्या भिंतीला पोटात एवढे घेणे जड नव्हते. खुंटी मागाहून ठोकायची वस्तूच नव्हे. भिंत त्या उंचीला आली की ती बसवायची. त्यामुळे ‘आतले काम केव्हा’ हा प्रश्न त्या घरात निघायचाच नाही. आतले आणि बाहेरचे असे दोन भाग नव्हतेच. जंगम सामान म्हणाल तर पाट, पेट्या, पाळणा, झोपाळा, बैठकीची जाजमे.

सुताराला बलुते मिळे ते नांगर-कुळवाच्या कामाचे. नवे घर उभारायचे तर त्याची मजुरी वेगळी ठरत असे. आज डिझायनरची फी ऐकून यजमान चमकतात, म्हणून हे लिहून ठेवते: घराचा विचार करणाऱ्याला पूर्वीही फुकट राबवत नव्हते. फक्त विचार आणि हात एकाच माणसाचे होते, म्हणून विचाराचे पैसे वेगळे दिसत नसत.

या रीतीचे आपल्या मुलखातले थोर उदाहरण पाहायचे तर वाईजवळ मेणवली. नाना फडणविसांचा वाडा, सहा चौकांचा, कृष्णाकाठी घाटाच्या माथ्यावर. लोक तिथे आता ‘स्वदेस’ चित्रपटाचे गाव म्हणून जातात, तेही ठीक. मी गेले ते भिंती बघायला. सागवानी सांगाडा, त्यात बसलेली भिंत आणि काही दालनांत रंगवलेली चित्रे. रंगकाम करणारा कारागीर मात्र शेवटी येई, येणे भागच होते. चुन्याचा गिलावा घोटून झाल्याशिवाय त्याला कामच नाही. पण त्याची चौकट सुताराने आधीच आखून ठेवलेली. चित्र खांबाखांबांमधल्या जागेत बसते, कोनाड्याच्या कडेने फिरते. सजावट म्हणून वेगळे काही आणून लावल्यासारखे वाटत नाही.

आता जुने ते सोने का नाही ते सांगते. सासरचे मूळ घर अगदी साधे, पण रीत हीच. त्याचे स्वयंपाकघर मी नवी नवरी म्हणून पाहिले. उजेडाला एक झरोका. धूर कौलांतून जाईल तेवढा जाई, उरलेला सासूबाईंच्या डोळ्यांत. चूल जमिनीवर, फडताळ भिंतीत, पण चुलीपासून चार पावले लांब, म्हणजे फोडणीत मोहरी टाकायच्या आधी उठायचे. ते घर बांधताना सुताराने आजेसासऱ्यांना विचारले असेल, सोपा किती खणांचा. बैठकीत पाहुणे किती बसतात ते विचारले असेल. चुलीपुढे दिवसाचे आठ तास बसणाऱ्या बाईला विचारले असेल असे त्या खोलीकडे पाहून वाटत नाही. वाड्यांच्या कौतुकात हे नेहमी गळते. कोरीव महिरपी आपण मोजतो, धुराने काळे झालेले छत मोजत नाही.

घराचे आत आणि बाहेर केव्हा तुटले, याची खूण मला साताऱ्यात दिसते. तिथे दोन राजवाडे शेजारी शेजारी आहेत. जुन्या वाड्यात पुढे सरकारी हायस्कूल भरले. १९०० सालच्या ७ नोव्हेंबरला भीमराव आंबेडकरांचे नाव त्याच शाळेच्या पटावर चढले. नवा राजवाडा १८३८ ते १८४४ या काळातला. त्याच्या कामावर इंग्रज अभियंता होता, वेण्णा आणि कृष्णा यांवरचे पूल बांधणारा. मला हे फार बोलके वाटते. पूल बांधणारा माणूस वाडा बांधतो, तेव्हा तो ओझे कसे पेलायचे हे उत्तम जाणतो. आत कोण कुठे बसेल हे त्याचे काम राहत नाही. इथून अभियंता आणि आतले सामान यांच्या वाटा वेगळ्या झाल्या. खुर्च्या, हंड्या, आरसे बाजारातून आणायच्या वस्तू झाल्या. ज्यांच्या कारकिर्दीत हे काम निघाले त्या प्रतापसिंहांना १८३९ मध्ये गादीवरून काढून काशीला धाडले. वाडा पुरा झाला तो भावाच्या, अप्पासाहेबांच्या राज्यात. १८४८ मध्ये तेही वारले आणि राज्य खालसा झाले. पुढे त्या दालनांत कोर्टकचेऱ्या भरल्या. घर कोणासाठी बांधतो याची खात्री कोणालाच देता येत नाही, राजालाही नाही.

याच्या उलट टोकाला औंध. संस्थान लहान, त्याचे तुकडे आजच्या सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांत विखुरलेले, औंध इकडे तर आटपाडी, कुंडल तिकडे. अधिपती भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार. राजा रविवर्म्यापासून हेन्री मूरच्या दगडी ‘आई आणि मूल’पर्यंत त्यांच्या संग्रहात काय नाही! यमाईच्या डोंगरावरचे संग्रहालय १९३८ चे, पण संग्रह त्याच्या कितीतरी आधीपासून साठत आलेला. म्हणजे वस्तू आधी, इमारत नंतर. कुठल्या चित्राला किती उजेड हवा हे ठाऊक असलेला माणूस भिंती उभ्या करत होता. डोंगर चढून आत शिरले की बाहेरच्या रणरणत्या उन्हानंतर तो मवाळ उजेड डोळ्यांना जाणवतो. घराचा मालकच डिझायनर असेल तर नेमणुकीचा प्रश्न सुटतो, पण आपल्यापैकी किती जणांना आपल्या वस्तूंची इतकी ओळख असते? मी आमच्या घरातल्या भांड्यांची यादी करायला घेतली आणि तिसऱ्या पानावर सोडून दिली.

याच बाळासाहेबांनी १९१० मध्ये कुंडल रोड स्टेशनाजवळची ३२ एकर माळजमीन लक्ष्मणराव किर्लोस्करांना दिली. बेळगावातून कारखान्याला जागा सोडावी लागली होती. औंधच्या देवीच्या सभामंडपाचे काम त्यांच्या हाती होते, त्यातून हा संबंध जुळला. निवडुंग आणि साप यांच्या त्या माळावर किर्लोस्करवाडी वसली. लक्ष्मणरावांची एक गोष्ट माझ्या विषयाला फार जवळची आहे. ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत चित्रकला शिकायला गेले होते. त्यांना काही रंगांतला फरक कळत नाही असे निघाले, तेव्हा रंग सोडून ते यांत्रिक रेखाटनाकडे वळले. रंगांनी पाठ फिरवलेल्या माणसाच्या कारखान्यातून नांगर, चरक, पंप निघाले आणि पुढे लोखंडी फर्निचरही निघाले. खुर्ची, कपाट, खाट या कारखान्यात साच्यावर होणाऱ्या वस्तू झाल्या. सांगली-साताऱ्याच्या मध्यमवर्गीय घरात सुताराची जागा कॅटलॉगने घेतली ती अशी.

आणि त्याच वाडीतून मासिके निघत होती. लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव हे शिकलेले चित्रकार. त्यांनी १९२० मध्ये ‘किर्लोस्कर खबर’ काढली, १९३० मध्ये ‘स्त्री’. या अंकांतून घरातल्या बाईशी थेट बोलणे सुरू झाले. घर कसे असावे यावर तिचे मत असू शकते, हे छापील पानावर येऊ लागले. मला विचाराल तर आपल्या भागात गृहसजावटकाराचा जन्म कुठल्या कचेरीत झाला नाही. ती गरज आधी या वाचणाऱ्या बायकांच्या मनात तयार झाली, धंदा मागून आला.

तो येईपर्यंत घरही बदलले. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला. दगडमातीच्या भिंतींवरचा आमच्या सासऱ्यांचा विश्वास त्या पहाटे उडाला तो कायमचा. सांगलीत घर बांधताना त्यांनी सिमेंटचेच बांधले. भिंत विटेची, पातळ; फडताळ मावेना, कोनाडा जमेना. भिंतीच्या पोटातले सगळे सामान बाहेर आले आणि त्याला ‘फर्निचर’ म्हणू लागले. पुढे नळ आणि विजेच्या तारा मात्र भिंतीच्या पोटात गेल्या. हा बदल ध्यानात घेतला की मुलाचे ‘ताबा मिळाल्यावर बघू’ का चुकते ते कळते. आज गिलाव्याआधी ठरवायच्या गोष्टी कोनाडे नाहीत. दिव्याचे बटण, गिझर, ओट्यामागचे पॉइंट, सांडपाण्याची नळी या आहेत. नाव बदलले, वेळ तीच राहिली.

१९७२ साल या व्यवसायाच्या इतिहासात दोनदा येते. वास्तुविशारदांचा कायदा त्या वर्षीचा. नोंदणी असल्याशिवाय ‘आर्किटेक्ट’ म्हणवून घेता येत नाही. भारतीय इंटिरिअर डिझायनरांची संस्था स्थापन झाली तीही १९७२ मध्ये. पण डिझायनर या नावाला कायद्याचे तसे कुंपण नाही. पाटी कोणीही लावावी. पुरात फुगलेले आमचे स्वयंपाकघर अशाच एका पाटीवाल्याने केले होते. नाव सांगत नाही. त्याने रंगांचे सोळा नमुने दाखवले. नदी किती लांब आहे, हे एकदाही विचारले नाही. आम्हीही सांगितले नाही, हेही खरेच. गावभागात राहून!

म्हणून या वेळी मी एवढेच सुचवले की तिघींना बोलावू, कामे पाहण्याऐवजी त्या काय विचारतात ते ऐकू. पहिलीने बजेट विचारले. दुसरीने संगणकावरची चित्रे दाखवली, सुंदर होती, त्यांत माणूस नव्हता. तिसरी गिलावा नसलेल्या घरात आली, विटांवर हात फिरवला आणि म्हणाली, “स्वयंपाक कोण करतं? रात्री कोण उठतं?” फी विचारली तर म्हणाली, गिलाव्याआधीच्या आखणीचे वेगळे पैसे घेईन, पुढे सुतार तुमचाच ठेवा. यजमानांचा चेहरा तिथे जरा सैल झाला. सूनबाईही खूश, कारण ‘आत्ताच’ हे तिचे म्हणणे राहिले.

दुसऱ्या खेपेला आम्ही सासूबाईंना घेऊन गेलो. लिफ्ट चालू नव्हती. गड्याने खुर्चीवर बसवून वर नेले. त्या त्यांच्या खोलीच्या मधोमध बसल्या आणि म्हणाल्या, “पोरी, माझी मांडणी कुठं?” डिझायनरने टेप काढला. मांडणीचे माप मी लिहून आणले होते. मग तिने त्यांना खाटेच्या जागी बसवले, डोळे मिटायला सांगितले आणि म्हणाली, “आजी, रात्री दिवा लावायला हात करा बरं.” सासूबाईंनी उजवा हात उचलला. तो खांद्यापर्यंतही गेला नाही. जिथे बोटे विटेला टेकली तिथे तिने खडूने खूण केली. बाकी घरातल्या बटणांच्या खुणा त्याहून दीड हात वर होत्या.

“आणि खुंटी?” सासूबाई म्हणाल्या.

“कशाला, आजी?”

“जपमाळेला. मागनं ठोकलेली टिकत नाही.”

मिस्त्री हसला, पण लाकडाचा तुकडा शोधायला गेला.