वेड्या पाण्यातील मासळी

ऑलिव्ह तेलात लसूण परतून, त्यावर टोमॅटो, पार्सली व पाणी घालून पांढऱ्या मांसाची मासळी मंद आचेवर शिजवली की नेपल्सची ‘आक्वा पात्सा’, म्हणजे ‘वेडे पाणी’, सिद्ध होते. कोळ्यांचे हे साधे अन्न आज इटलीची पुरातन ठेव मानले जाते. मासळीपुरते ते खरे आहे; शुक्रवारी व उपवासकाळात मांस वर्ज्य असल्याने कॅथलिक युरोपात मासळीचा मान जुनाच.

टोमॅटो मात्र अमेरिका खंडातला. १४९२ पूर्वी युरोपला तो ठाऊकच नव्हता. १५४४ साली वैद्य मात्तिओली यांनी त्याची नोंद केली, तरी लोक दीर्घकाळ त्याला बिचकत राहिले. नेपल्समध्ये आंतोनिओ लातीनी यांच्या १६९२ ते १६९४ दरम्यान प्रसिद्ध झालेल्या पाकग्रंथात टोमॅटोची चटणी आली, तीही ‘स्पॅनिश पद्धतीची’ म्हणून.

आपल्या वसईच्या कालवणातील मिरचीही अमेरिकेचीच. पोर्तुगीजांच्या गलबतांतून ती भारतात आली. आज तिला कोणी परकी म्हणत नाही. म्हणून नव्या सुनेने माहेरची रीत चुलीवर आणली, तर ‘हे आपले नव्हे’ असे म्हणण्यापूर्वी आपण थोडे थांबावे, असे आम्हांस वाटते.